शेजारी पसरलेली पिट्युटरीची गाठ : शस्त्रक्रियेच्या निर्णयापासून नंतरच्या देखरेखीपर्यंत

पिट्युटरी म्हणजेच पीयूषिका ग्रंथीची गाठ क्वचितच कर्करोगाची असते. तरीही यांपैकी काही गाठी आपली जागा सोडून शेजारच्या हाडात, शिरांच्या पोकळीत आणि कॅरॉटिड धमनीभोवती शिरतात आणि तेथे पोहोचल्यावर ‘साधी’ या विशेषणाचा रुग्णाला काहीही उपयोग राहत नाही. अशा गाठीच्या शस्त्रक्रियेत ‘सगळी काढणार का?’ हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो. त्याऐवजी काय वाचवायचे आहे, काय काढायचे आहे, काय जाणूनबुजून मागे ठेवायचे आहे आणि त्या उरलेल्या भागाकडे पुढे कोण पाहणार आहे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच ठरलेले असणे अधिक महत्त्वाचे असते. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. ते वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र तो सल्ला समजून घेण्यास आणि योग्य जागी योग्य प्रश्न विचारण्यास त्यांचा उपयोग व्हावा.

गाठ कोठवर गेली आहे

ही ग्रंथी कवटीच्या तळाशी, स्फिनॉइड हाडातील सेला नावाच्या खोलगट जागेत असते. सेलाच्या खाली स्फिनॉइड सायनस ही हवेची पोकळी असते आणि नाकातून वर जाण्याचा मार्ग तिच्यातूनच जातो. वर डायफ्राम नावाचा पातळ पडदा असतो आणि त्याच्या वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वर वाढली की या नसांवर दाब येऊन प्रथम दोन्ही बाजूंचे, म्हणजे कानांकडचे दिसणे कमी होते. समोरचे नीट दिसत असल्यामुळे रुग्ण कित्येक महिने चष्म्याचे नंबर बदलत राहतो.

उजव्या आणि डाव्या बाजूला कॅव्हर्नस सायनस असतात आणि या शस्त्रक्रियेतील खरी अडचण तेथे आहे. सायनस म्हटले तरी ही हवेची पोकळी नसून अशुद्ध रक्त वाहणारी जागा आहे. तिच्यातून मेंदूला रक्त पुरवणारी कॅरॉटिड धमनी वळणे घेत वर जाते. डोळ्यांची हालचाल करणाऱ्या तिसऱ्या व चौथ्या नसा आणि चेहऱ्याच्या संवेदनेची पाचवी नस तिच्या बाहेरच्या भिंतीलगत असतात. आणि डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस धमनीच्या अगदी शेजारून, आतूनच जाते. या पोकळीत शिरलेली गाठ कोणत्या कोपऱ्यात आहे, यावर ती काढता येईल की नाही हे बरेचसे अवलंबून असते.

गाठीचा आकार आणि तिचा शिरकाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीला मॅक्रोअॅडेनोमा आणि चाळीस मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीला जायंट अॅडेनोमा म्हणतात. परंतु एखादी मोठी गाठ सगळ्यांना केवळ ढकलत वर गेलेली असते, तर एखादी लहान गाठ बाजूच्या भिंतीतून आत शिरलेली असते. म्हणून एमआरआयच्या अहवालात आकाराबरोबर ‘नॉस्प ग्रेड’ पाहावी. समोरून घेतलेल्या छेदात कॅरॉटिड धमनीचे दोन काप दिसतात आणि त्यांना धरून आतली, मधली व बाहेरची अशा तीन रेषा कल्पिल्या जातात. गाठ आतल्या रेषेच्या अलीकडे असेल तर ग्रेड शून्य, मधल्या रेषेपर्यंत असेल तर एक, बाहेरच्या रेषेपर्यंत असेल तर दोन, ती रेषा ओलांडली तर तीन, आणि धमनीला पूर्ण वेढा घातला असेल तर चार. ही पद्धत १९९३ मध्ये मांडली गेली. पुढे तिसऱ्या ग्रेडचे दोन भाग करण्यात आले : धमनीच्या वरून बाहेर गेलेली गाठ ३-ए आणि खालून गेलेली ३-बी. यांपैकी ३-ए गाठ काढणे तुलनेने सोपे जाते. चौथ्या ग्रेडमध्ये गाठ संपूर्ण निघण्याची शक्यता फार थोडी असते आणि ते रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

खूप मोठ्या गाठींबाबत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील एका कामाचा उल्लेख आवश्यक आहे. मेंदूशल्यचिकित्सक अतुल गोयल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ११८ रुग्णांच्या अनुभवावरून जायंट गाठींची चार गटांत विभागणी केली. गाठ कितीही उंच गेली असली, तरी ती डायफ्रामच्या पडद्याखालीच आहे, कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरली आहे, त्या सायनसचे छत वर उचलून पसरली आहे, की पडदा ओलांडून मेंदूभोवतीच्या मोकळ्या जागेत गेली आहे, हा या विभागणीचा आधार आहे. पडदा शाबूत असलेली मोठी गाठ नाकातून काढता येते. पडदा ओलांडून मेंदूच्या रक्तवाहिन्यांना बिलगलेली गाठ तशी ओढणे धोक्याचे ठरते.

शस्त्रक्रिया खरोखर आधी हवी का

कोणत्याही पिट्युटरी गाठीत, तारीख ठरवण्यापूर्वी रक्तातील प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारे संप्रेरक, तपासलेच पाहिजे. प्रोलॅक्टिन तयार करणारी गाठ कितीही मोठी आणि कितीही पसरलेली असली, तरी तिचा पहिला उपचार बहुधा गोळ्यांचा, म्हणजे कॅबर्गोलिनचा असतो. अनेकदा या गोळ्यांनी गाठ आकसते, नजर सुधारते आणि शस्त्रक्रिया टळते. येथे प्रयोगशाळेची एक फसवणूक लक्षात ठेवावी : प्रोलॅक्टिन अतिप्रचंड असेल तर यंत्र गोंधळून प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आकडा दाखवू शकते. म्हणून मोठी गाठ आणि त्या मानाने जेमतेम वाढलेले प्रोलॅक्टिन असा विसंगत अहवाल आला, तर नमुना पातळ करून पुन्हा तपासण्यास सांगावे. तरीही आकडा साधारण शंभराच्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आतच राहिला, तर गाठ दुसऱ्या प्रकारची असून केवळ ग्रंथीच्या देठावरील दाबामुळे प्रोलॅक्टिन वाढले असण्याची शक्यता अधिक असते आणि तेथे गोळ्यांवर वेळ घालवून नजर गमावणे योग्य नाही.

कॅबर्गोलिन सुरू केलेल्या रुग्णासाठी एक सूचना. गाठीने तळाचे हाड कुरतडलेले असेल, तर गाठ आकसल्यावर तिनेच बुजवलेले भोक उघडे पडू शकते. गोळ्या सुरू झाल्यावर नाकातून पाण्यासारखा स्राव येऊ लागला, तर ती सर्दी समजू नये.

वाढीचे संप्रेरक जास्त तयार करणारी गाठ (अॅक्रोमेगाली), कॉर्टिसॉल हे ताण पेलण्यास लागणारे संप्रेरक वाढवणारी गाठ (कुशिंग) आणि कोणतेही संप्रेरक न सोडता केवळ दाब देणारी गाठ यांत साधारणपणे शस्त्रक्रिया हाच पहिला उपाय असतो. अचानक असह्य डोकेदुखी, उलटी, झपाट्याने नजर जाणे, पापणी पडणे किंवा एकाचे दोन दिसणे अशी लक्षणे आली, तर गाठीत रक्तस्राव झाला असण्याची शक्यता असते. ही तातडीची अवस्था आहे. त्याच वेळी कॉर्टिसॉल कोसळून रक्तदाब उतरू शकतो, म्हणून रुग्णालयात नमुना घेऊन कॉर्टिसॉलची जागा घेणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन लगेच द्यावे लागते. अहवालाची वाट पाहायची नसते.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या

सकाळी आठच्या सुमाराचे कॉर्टिसॉल, थायरॉइडसाठी फ्री टी-४ व टीएसएच, वाढीच्या संप्रेरकाचा अंदाज देणारे आयजीएफ-१, प्रजननाशी संबंधित एलएच व एफएसएच, पुरुषांत टेस्टोस्टेरॉन आणि रक्तातील सोडियम या मूळ तपासण्या आहेत. अॅक्रोमेगालीचा संशय असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून वाढीचे संप्रेरक मोजतात. कुशिंगसाठी रात्री एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी कॉर्टिसॉल पाहतात. कॉर्टिसॉल आणि थायरॉइड दोन्ही कमी निघाले, तर आधी स्टेरॉइड आणि मग थायरॉइडची गोळी, हा क्रम उलटता कामा नये, कारण थायरॉइड वाढल्यावर शरीर कॉर्टिसॉल अधिक वेगाने वापरते आणि रुग्ण कोसळू शकतो. गावाकडे केवळ टी-४ कमी पाहून गोळी सुरू झालेली असते. तशी ती सुरू असेल तर पिट्युटरीच्या डॉक्टरांना सांगावे.

डोळ्यांची तपासणी म्हणजे केवळ चष्म्याचा नंबर नव्हे. दृष्टिक्षेत्राचा आलेख आणि डोळ्याच्या नसेच्या थराची जाडी दाखवणारी ओसीटी या दोन्ही तपासण्या कराव्यात. थर अजून जाड असेल तर दाब निघाल्यावर नजर परतण्याची आशा अधिक असते. फार पातळ झालेला असेल तर शस्त्रक्रियेचा हेतू उरलेले टिकवणे एवढाच राहतो. कॉन्ट्रास्टसह एमआरआयबरोबर नाकाच्या हाडांचा सीटी स्कॅन करतात, कारण स्फिनॉइड पोकळीतील हाडाचे पडदे कधी थेट कॅरॉटिड धमनीवर जाऊन टेकलेले असतात आणि शल्यचिकित्सकाला ते आत शिरण्यापूर्वी माहीत असावे लागते. धमनी गाठीने वेढलेली असेल तर सीटी अँजिओग्राफीही करतात. अॅक्रोमेगालीत जीभ व जबडा मोठा झालेला असतो, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकत असतो आणि हृदयावर परिणाम झालेला असू शकतो. म्हणून भूलतज्ज्ञांची भेट आणि इकोकार्डिओग्राफी ऐन आदल्या दिवशी उरकू नये.

रुग्णालय निवडताना आणि संमतीपत्रावर सही करताना

येथे माझे मत स्पष्ट आहे : यंत्रांच्या जाहिरातींपेक्षा माणसांचा संघ पाहावा. नेव्हिगेशन (स्कॅनच्या चित्रावर हत्याराची जागा दाखवणारे यंत्र) आणि उत्तम दुर्बीण (एंडोस्कोप) बऱ्याच ठिकाणी मिळते. मात्र मेंदूशल्यचिकित्सक, कान-नाक-घसा तज्ज्ञ, संप्रेरकतज्ज्ञ, नेत्रतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ हे एकाच रुग्णाबाबत एकमेकांशी बोलतात, असे ठिकाण शोधावे लागते. असा संघ असेल तर सार्वजनिक रुग्णालयातील प्रतीक्षायादीही सहन करण्याजोगी असते. अपवाद फक्त झपाट्याने कमी होणाऱ्या नजरेचा. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली आपली शस्त्रक्रिया बसते का, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे दाखल होण्यापूर्वी विचारून घ्यावे.

शल्यचिकित्सकांना विचारण्याचे प्रश्न थोडेच आहेत. अशा पसरलेल्या गाठींच्या शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता? माझ्या गाठीचा कोणता भाग तुम्ही मागे ठेवणार आहात, आणि का? कॅरॉटिड धमनीला इजा झाली तर ती आतून बंद किंवा दुरुस्त करणारा अँजिओग्राफीचा विभाग याच इमारतीत आहे का? ही इजा क्वचितच होते, बहुतेक मालिकांत तिचे प्रमाण एक टक्क्याच्या आत असते, परंतु धमनीला वेढलेल्या आणि आधी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार झालेल्या गाठींत धोका वाढतो. या प्रश्नाने चिडणाऱ्या डॉक्टरांपेक्षा शांतपणे उत्तर देणारे डॉक्टर निवडावेत.

शस्त्रक्रियागृहात काय होते

नाकामार्गे पिट्युटरीपर्यंत पोहोचण्याची पहिली शस्त्रक्रिया १९०७ मध्ये इन्सब्रुक येथे हर्मान श्लोफर यांनी केली. कॅनडातील ज्यूल हार्डी यांनी १९६० च्या दशकात तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. आणि १९९० च्या दशकापासून दुर्बीण रूढ झाली. पसरलेल्या गाठीत दुर्बिणीचा मोठा फायदा असा की ती सरळच नव्हे, तर तीस अंशांच्या भिंगाने कोपऱ्यामागेही पाहू शकते.

पूर्ण भूल दिल्यावर दोन्ही नाकपुड्यांतून काम केले जाते. नाकाच्या मधल्या पडद्यावरील आवरणाचा, स्वतःचा रक्तपुरवठा असलेला एक पट्टा सोडवून बाजूला ठेवला जातो. शेवटी भोक बुजवण्यासाठी तो लागतो. मग स्फिनॉइड पोकळी रुंद उघडून सेलाचा तळ आणि दोन्ही बाजूंचे धमनीचे उंचवटे डोळ्यांसमोर आणले जातात. पसरलेल्या गाठीत केवळ सेलासमोरचे हाड काढून भागत नाही. ज्या बाजूला गाठ शिरली आहे, त्या बाजूच्या धमनीवरचे हाडही पातळ करून उचलावे लागते. रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या डॉप्लरच्या बारीक सळईने धमनी नेमकी कोठे आहे हे आवाजावरून पुन्हा पुन्हा पडताळले जाते. नेव्हिगेशनचे चित्र आधीच्या स्कॅनवरचे असते, डॉप्लर त्या क्षणाचे सांगतो; म्हणून दोन्हींत फरक पडला तर डॉप्लरवर विश्वास ठेवतात.

गाठ काढण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी खालचा भाग, मग बाजूचे आणि शेवटी वरचा. वरचा भाग घाईने काढला, तर डायफ्रामचा पडदा पोकळीत खाली उतरतो आणि बाजूंना उरलेली गाठ त्याच्या आड लपते. बहुतेक गाठी घट्ट दह्यासारख्या मऊ असतात आणि सक्शन व क्युरेट या वाकड्या, खरवडणाऱ्या हत्याराने निघतात. काही मात्र तंतुमय आणि चिवट असतात. त्या बाहेरून सोडवत, आतून पोखरत तुकड्यातुकड्याने काढाव्या लागतात आणि अशा वेळी ‘ओढणे’ हा सर्वांत मोठा दोष ठरतो.

कॅव्हर्नस सायनसमध्ये गाठीने पुष्कळदा स्वतःच रस्ता केलेला असतो. आतल्या भिंतीतील ते छिद्र रुंद करून धमनीच्या मागचा, वरचा आणि खालचा कप्पा रिकामा करता येतो. गाठ निघताच आतापर्यंत दबलेले शिरांचे रक्त भळभळून येते. ते भीतिदायक दिसले, तरी रक्त थांबवणारे द्रवरूप पदार्थ आणि हलका दाब यांनी बहुधा आटोक्यात येते. धमनीच्या बाहेरच्या बाजूचा कप्पा वेगळा आहे. तेथे सहावी नस उघडीच असते आणि तिला धक्का लागला तर डोळा आतल्या बाजूला वळून एकाचे दोन दिसू लागतात. कोणतेही संप्रेरक न सोडणाऱ्या गाठीत त्या कप्प्यातला तुकडा ठेवून देणे हे शहाणपण आहे. पुढे वाढला तर किरणोपचार आहेतच. अॅक्रोमेगाली किंवा कुशिंगमध्ये मात्र छोटा तुकडाही संप्रेरक सोडत राहतो, म्हणून तेथे अनुभवी हात अधिक आत जातात आणि आतली भिंतही काढण्याचा विचार करतात. दोन रुग्णांचे एमआरआय सारखे दिसले, तरी त्यांच्या शस्त्रक्रिया सारख्या नसण्याचे कारण हे आहे.

गाठ मध्येच कमरेत आवळल्यासारखी, वर-खाली फुगलेली असेल, धमनीच्या फार बाहेर किंवा कपाळाकडच्या मेंदूखाली गेली असेल, तर कवटी उघडून वरून शस्त्रक्रिया करावी लागते. ती कधी त्याच दिवशी, कधी काही आठवड्यांनी. जायंट गाठीत अर्धीच काढून थांबणे हा सोपा मार्ग वाटतो, परंतु उरलेला भाग सुजून किंवा त्यात रक्तस्राव होऊन नजर अचानक जाऊ शकते. म्हणून टप्प्याटप्प्यानेच करायची असेल, तर ते पूर्वनियोजित असावे.

शेवटी मेंदूभोवतीचे पाणी झिरपते का हे पाहून पोटावरची चरबी, मांडीतील फॅशिया (स्नायूवरील चिवट आवरण) आणि बाजूला ठेवलेला नाकाचा पट्टा यांनी तळ बंद करतात. गळती मोठी असेल तर काही दिवस कमरेतून बारीक नळी ठेवतात.

पहिले दहा दिवस

या काळात दोन गोष्टींवर नजर ठेवायची : लघवी आणि सोडियम. पहिल्या एक-दोन दिवसांत पाण्यासारखी, भरपूर लघवी आणि न शमणारी तहान सुरू झाली, तर पाणी रोखणारे संप्रेरक कमी पडले आहे. दर तासाला २५० मिलिलिटरहून अधिक लघवी सलग दोन-तीन तास होत असेल, तर परिचारिकेला लगेच सांगावे. त्या संप्रेरकाची जागा घेणाऱ्या डेस्मोप्रेसिन या औषधाने हे आटोक्यात येते आणि बहुतेकांत ते तात्पुरते असते.

दुसरी अवस्था फसवी आहे, कारण ती साधारण पाचव्या ते आठव्या दिवशी, म्हणजे बऱ्याचदा रुग्ण घरी गेल्यावर येते. शरीर पाणी धरून ठेवते आणि सोडियम उतरते. मळमळ, डोकेदुखी, सुस्ती, असंबद्ध बोलणे आणि पुढे फिट अशी तिची चढण असते. आपल्याकडे आजारी माणसाला ‘भरपूर पाणी पी’ म्हणून नारळपाणी, सरबते, पेज असे आग्रहाने पाजले जाते. या आठवड्यात तो आग्रह अपायकारक आहे. तहान लागेल तेवढेच प्यावे, सातव्या दिवशी सोडियम तपासावे आणि ते उतरले असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे, बहुधा दिवसाला एक ते दीड लिटरच पाणी घ्यावे. सोडियम कमी आले म्हणून घरच्या घरी मिठाचे पाणी पाजणे हा उपाय नव्हे.

सकाळचे कॉर्टिसॉल पाहून स्टेरॉइड चालू ठेवायचे की नाही हे ठरते. कुशिंगच्या रुग्णात ते फार कमी आले, तर ती आनंदाची बातमी असते, कारण गाठ निघाल्याचे ते चिन्ह आहे. मात्र त्या रुग्णाला पुढे कित्येक महिने गोळ्यांचा आधार लागतो.

घरी आल्यावर

नाक शिंकरू नये, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून ती बाहेर पडू द्यावी. खाली वाकून काम करणे, जड उचलणे आणि शौचाला कुंथणे टाळावे. बद्धकोष्ठासाठी इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध आधीपासूनच घ्यावे. कपालभाती, अनुलोम-विलोम, जलनेती आणि नस्य हे सर्व शल्यचिकित्सकांनी परवानगी देईपर्यंत बंद ठेवावे, कारण नाकातील दाबाने बुजवलेली जागा उघडू शकते. सलाइनने नाक धुणे डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासूनच सुरू करावे. काही आठवडे वास व चव कमी लागणे आणि नाकात खपल्या धरणे अपेक्षित आहे.

मान पुढे झुकवल्यावर नाकातून स्वच्छ पाणी ठिबकणे, घशात खारट पाणी उतरणे, ताप आणि मान आखडणे, नजर पुन्हा अंधुक होणे किंवा नाकातून ताजे रक्त वाहणे, यांपैकी काहीही झाले तर फोनवर विचारत न बसता रुग्णालय गाठावे. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर ताप आल्यास डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो आणि उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागते. हे घरातील दोघांना तरी पाठ असावे आणि तसे लिहिलेले कार्ड रुग्णाच्या पाकिटात असावे.

तीन महिन्यांनंतर, उरलेल्या गाठीचे काय

पहिला नियोजित एमआरआय साधारण तीन महिन्यांनी करतात, कारण त्याआधी चरबी, रक्त आणि सूज यांमुळे उरलेला भाग ओळखणे कठीण असते. त्याच सुमारास सर्व संप्रेरके आणि दृष्टिक्षेत्र पुन्हा तपासतात. पॅथॉलॉजीच्या अहवालात गाठ कोणत्या पेशींपासून झाली आहे आणि केआय-६७, म्हणजे विभाजन होत असलेल्या पेशींचे प्रमाण, किती आहे हे पाहावे. तीन टक्के किंवा त्याहून अधिक केआय-६७ आणि त्याबरोबर एमआरआयवर शिरकाव असेल, तर गाठ पुन्हा वाढण्याची शक्यता जास्त धरून तपासण्या जवळजवळ ठेवतात. २०२२ च्या जागतिक वर्गीकरणानुसार अहवालात अॅडेनोमाऐवजी ‘पिटनेट’ (पिट्युटरी न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर) असा शब्द दिसू शकतो. त्याचा अर्थ कर्करोग झाला असा नाही.

उरलेला तुकडा शांत असेल तर वर्षाला एक एमआरआय पुरेसा असतो. वाढू लागला आणि डोळ्यांच्या नसांपासून काही मिलिमीटर दूर असेल, तर गॅमा नाइफसारख्या यंत्राने एकाच बैठकीत किरणोपचार देता येतात. नसांना चिकटलेला असेल तर तेच किरण पाच-सहा आठवडे थोडेथोडे द्यावे लागतात. अॅक्रोमेगालीत ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची महिन्याची इंजेक्शने किरणांचा परिणाम येईपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षे, चालू ठेवावी लागू शकतात. किरणोपचारानंतर निरोगी ग्रंथीही हळूहळू मंदावते. थकवा, वजन उतरणे किंवा पाळी बंद होणे अशा तक्रारी पाच-सात वर्षांनीही येऊ शकतात. म्हणून एमआरआय स्वच्छ असला तरी संप्रेरकांची तपासणी दरवर्षी करावी आणि प्रत्येक एमआरआयची सीडी जपून ठेवावी, कारण नव्या चित्राची तुलना लेखी अहवालाशी नव्हे, तर जुन्या चित्राशीच करावी लागते.